बसत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून जे तोंडाने बोलायचं ते इथे लिहायचं, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे रेश्माने ठरवलं. सकाळी पेपरात आदिनाथचा फोटो बघून मी फक्त एवढंच म्हणालो, "निदान कॉलरचं बटण तरी लावायचं." तर बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय. बोलून सकाळ नासवण्यापेक्षा कुठंतरी लिहून मोकळे व्हा."

पोटात दुखतंय म्हणे! मी भूलतज्ज्ञ आहे. कुणाला, कुठे, किती दुखतं हे ओळखण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मला काहीही दुखत नाही.

आदिनाथ म्हणजे माझा मेव्हणा, रेश्माचा धाकटा भाऊ. घर वैरागला, नोकरी बार्शीला, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. फोटोखाली मथळा असा: 'वैरागच्या सुपुत्राने बनवली मणक्यात औषध देणारी सुरक्षित नळी'. सुपुत्र! आणि बनवली ती नळी नव्हेच, नळीचं तोंड.

कॅन्सरच्या पेशंटला दुखणं सहन होईनासं झालं की आम्ही पाठीतून, मणक्यांच्या फटीतून, एक बारीक नळी आत सरकवतो आणि तिच्यातून औषध सोडतो. त्याच पेशंटच्या हातात शिरेची नळीही असते, सलाइनची. दोन्हींची तोंडं सारखी. कुठलीही सिरिंज कुठेही बसते, आणि गडबड इथेच होते. शिरेत द्यायचं काही काही औषध चुकून मणक्यात गेलं तर माणूस आचके देऊन जातो. हे सगळं आदिनाथला कुणी सांगितलं? मी. आमच्या टेबलावर, शेंगापोळी खाताना. तो तुपाचं बोट चाटत म्हणाला होता, "दाजी, मग तोंडच येगळं करायचं की. चुकीची सिरिंज बसलीच न्हाय पायजे." मी हसलो होतो. परदेशात असली तोंडं निघालीत आणि ती इथे परवडत नाहीत, हेही मीच सांगितलं. त्याने चिंचोळीच्या एमआयडीसीत साचा करून घेतला, परवानग्या मिळवल्या, आणि आता पेपरात. बातमीत माझा उल्लेख 'घरातील एका डॉक्टरांकडून'. एका!

आमच्या हॉस्पिटलात या चुकीवर उपाय फार आधीपासून आहे, आणि तो माझा आहे. मणक्याच्या नळीच्या टोकाला पिवळी पट्टी. पिवळं दिसलं की हात मागे. सिस्टर तिला 'सुबोध सरांची पट्टी' म्हणतात. पेपरवाल्यांना त्याचं काय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाई आल्या. सोनाबाई हे त्यांचं नाव, पण मी आईच म्हणतो. कॅन्सर आता हाडात उतरलाय, कंबर आणि मांडी. बार्शीत गोळ्या चालू होत्या, त्यांना दुखणं दाद देईना. लेकीच्या घरी राहायला त्या तयारच नव्हत्या. आदिनाथ म्हणाला, "आये, दाजींच्या हाताखाली ऱ्हा," तेव्हा आल्या. म्हणजे तेही त्याने सांगितल्यावर.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो. मला बघताच पदर पुढे ओढून, पलंगाचा दांडा धरून उभ्या राहिल्या. पाय थरथरत होते. म्हटलं, "आई, बसा की."

"न्हाय बसत, जावईबापू."

"बसवत नाही का? बसल्यावर जास्त दुखतं?"

त्या खाली बघत राहिल्या. मी केसपेपरवर लिहिलं: बसल्यावर वेदना वाढतात, बसता येत नाही. म्हणजे गोळ्यांचं काम संपलं, नळी घालावी लागेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

सोलापुरात मणक्याची नळी कुणाची, तर माझी. विजापूर, कलबुर्गीहून लोक येतात. आणि माझ्या स्वतःच्या सासूला ती माझ्या हातून नको! रेश्माकरवी निरोप आला: "जावईबापूंनी न्हाय. बाईमाणसानं घालावी."

रेश्मा म्हणाली, "अहो, लाजते ती. तुमच्यासमोर पाठ कशी उघडी करील?"

लाज! पेशंटला कसली आलीय लाज? दुखण्यापुढे राजासुद्धा पाठ वळवतो. हा विश्वासाचा प्रश्न आहे. मी रेश्माला म्हणालो, "आदिनाथ डॉक्टर असता तर घालू दिली असती." ती म्हणाली, "तो लेक आहे." बघा. कबूलच केलं.

वर आणखी एक फर्माईश, नळी 'माझ्या लेकाचीच' पाहिजे. आदिनाथच्या नळीची आमच्याकडे चाचणी चालू आहे, दुसऱ्या पेशंटांना बसवतोच आहोत. प्रभामॅडम, आमच्या मुख्य डॉक्टर, म्हणाल्या, "चालेल, पण सुबोध, नातं आहे म्हणून कागदोपत्री पेशंट माझी."

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्या आयुष्यातला सर्वांत हास्यास्पद तास झाला. प्रभामॅडमनी बऱ्याच दिवसांत नळी घातली नव्हती, म्हणून त्यांनी मला थिएटरात उभं केलं. कुठे? हिरव्या पडद्याच्या मागे. पडद्याआडून मी विचारतोय, "सुई किती गेली? अडते का? थोडी वरच्या बाजूला वळवा." आणि पलीकडून मॅडम, "हं, आता सुटली." सिस्टर श्रीदेवी हसू दाबत होत्या. अक्कलकोटच्या आहेत त्या, हसू अनावर झालं की कानडीत काहीतरी पुटपुटतात. आज बरंच पुटपुटल्या.

नळी पहिल्या प्रयत्नात गेली. पाठीवरून कातडीखालून खांद्यापर्यंत आणली, म्हणजे पाठीवर झोपता येतं. टोकाला आदिनाथचं ते करड्या रंगाचं तोंड. त्याला खास सिरिंज लागते, साधी बसत नाही. वर मी माझी पिवळी पट्टी गुंडाळली. मॅडम म्हणाल्या, "आता हिची गरज आहे का?" मी म्हणालो, "असू द्या." असू द्या म्हणजे असू द्याच.

दंडातही शिरेची लांब नळी आहे, ताकदीच्या सलाइनसाठी. तिला तोंडं दोन, एक दंडावरच, दुसरं खांद्यापाशी आणून चिकटवलं. तिला साधी पांढरी पट्टी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुखणं गेलं. पार गेलं असं नाही, पण सासूबाई पहाटेपर्यंत झोपल्या. भाकरी मागितली. काल घरीही आणल्या. औषध मी निवडलं, प्रमाण मी बसवलं, दोनदा बदललं. रेश्मा मणक्याचं औषध द्यायला शिकली, तेही मी शिकवलं.

शेजारच्या दाक्षायणीकाकू भेटायला आल्या होत्या. सासूबाई त्यांना सांगत होत्या, "आमच्या आदीच्या नळीनं जीव जाग्यावर आला बगा. लई हुशार हाय त्यो."

मी बाहेर सोफ्यावर होतो. चहा कडू लागला. साखर दुसऱ्यांदा घातली तरी कडूच.

पाइप बसवणाऱ्याला कुणी म्हणतं का, तुझ्या पाइपाने तहान भागली? पाणी कुणाचं ते बघा ना आधी!

१६ नोव्हेंबर, रविवार

आदिनाथ आला. येताना ज्वारीचं पीठ, चुलत्यांच्या मळ्यातले पेरू. मी वरच्या खोलीत होतो, खाली उतरलो तर खोलीचं दार अर्धं उघडं. आत काय दिसावं? सासूबाई पलंगाच्या काठावर पाय सोडून बसलेल्या! पाठ भिंतीला, हातात पेरूची फोड, आणि आदिनाथच्या कुठल्याशा बोलण्यावर तोंडाला पदर लावून खदाखदा हसतायत. मी दारातच उभा. चांगला पाव तास बसलेल्या असणार.

मी आत पाऊल टाकलं आणि बाई उभ्या! फोड खाली ठेवली, पदर पुढे, दांडा धरला, चेहरा वेदनेने पिळलेला.

म्हणजे दुखतं ते माझ्यासमोर. लेकासमोर दुखत नाही. रोज सकाळी मी विचारतो, "आज बसता येतंय का?" आणि रोज एकच उत्तर, "न्हाय बसत." मी मूर्खासारखा औषध वाढवायचा विचार करतोय!

रेश्माला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "तुम्हाला कळायचं नाही," आणि भांडी घासायला गेली.

जेवताना आदिनाथ म्हणाला, "दाजी, खरं सांगा, तोंडात काय खोट हाय का? तुमी खोट काढली तरच माझं काम पक्कं हुईल. बाकीची समदी वा वा करत्यात." घ्या! सगळे वाहवा करतात हे ऐकवायची ही नवी तऱ्हा. मी म्हणालो, "बघू." तो म्हणाला, "बगा की." आणि माझ्याच ताटातली शेंगाचटणी उचलली. लहानपणापासूनची सवय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रभामॅडमनी बोलावलं. बुधवारी, ३ डिसेंबरला, सगळ्या डॉक्टर-सिस्टरांची बैठक आहे. आदिनाथची नळी आमच्याकडे कायमची घ्यायची की नाही ते त्या दिवशी ठरणार. पुण्याची एक कंपनी ती बनवायला तयार आहे, पण आमच्या अनुभवावर थांबली आहे. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नातेवाईक, म्हणून निर्णय मी घेणार. पण दुखण्याच्या बाबतीत इथे सगळे तुमच्याकडे बघतात. तुम्ही मान हलवली नाहीत तर कुणी हलवणार नाही."

म्हणजे आदिनाथची मान माझ्या मानेवर आहे.

मी खोट शोधायला बसलो. गळती नाही. चीर नाही. नळी वाकली तरी बंद पडत नाही. शेवटी सिस्टर श्रीदेवींनीच सांगितलं, "सर, एकच त्रास. घाईत साधी सिरिंज हाताला येते, ती बसतच नाही. मग खास सिरिंज शोधत पळा."

सापडली. घाईच्या वेळी बसत नाही. आदिनाथ म्हणेल तोच तर गुण. पण आगीच्या बंबाला वेगळं कुलूप लावून त्याला सुरक्षितता म्हणायचं का? हा दाखला बैठकीत चांगला वाटेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. खंडोबा हे रेश्माच्या माहेरचं कुलदैवत. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात, आणि घरभर भंडारा. दाराला हळद, देव्हाऱ्याला हळद, मोटरसायकलला हळद. माझा पांढरा शर्ट गेला. रेश्मा म्हणाली, "यळकोट म्हणा." मी म्हणालो, "आधी शर्टाचं बघ." सासूबाई आतून ऐकून हसल्या. माझ्या बोलण्यावर हसल्या त्या, हे नोंदवून ठेवतो.

३० नोव्हेंबर, रविवार

लगेच लिहून ठेवतो, कारण बुधवारी यातला शब्द न् शब्द उपयोगी पडणार आहे.

आदिनाथ सकाळी इथल्या बाळे गावच्या खंडोबाला जाऊन आला. येताना भंडाऱ्याची पुडी, आईच्या कपाळाला लावला, अंगारा-भंडारा काय ते सगळं केलं, जेवला आणि दुपारच्या एसटीने गेला. चारच्या सुमाराला रेश्माची हाक आली. सासूबाईंच्या नाकातून रक्त. थोडंथोडकं नाही, अर्धा टॉवेल भिजला होता. रक्त पातळ झालंय हे आम्हाला माहीत होतं, म्हणून रक्त थांबवायचं इंजेक्शन मी घरात आणूनच ठेवलं होतं. ते शिरेतून द्यायचं. रेश्मा डोकं पुढे वाकवून नाक दाबून धरत होती. मी औषध साध्या सिरिंजमध्ये भरलं आणि खांद्यापाशी दोन्ही नळ्यांची टोकं होती तिथे हात घातला. एक पिवळी. ती बाजूला सारली. दुसरी धरली, सिरिंज लावली.

बसेना!

फिरवून बघितली, बसेना. जोर लावला, दोन थेंब चादरीवर सांडले. सिरिंज बदलली. दुसरीही बसेना. नळीच्या टोकाला बघतो तर ते करडं तोंड! म्हणजे हा शहाणा हातातल्या शिरेच्या नळीलाही आपलं तोंड बसवून गेला! कुणाला न विचारता! देवाच्या नावाने खोलीत शिरून हे उद्योग. मी तिसऱ्यांदा जोर लावला. सासूबाई त्या रक्तातूनच काहीतरी बोलायला लागल्या, "जावईबापू, ती..."

मी ओरडलो, "बोलू नका! रक्त घशात जाईल."

त्या गप्प झाल्या. शेवटी रेश्माने एका हाताने त्यांचा दंडच पुढे केला, "अहो, इथं द्या, इथं पण एक तोंड आहे." तिथे सिरिंज गपकन बसली. औषध दिलं. अर्ध्या तासात रक्त थांबलं. मॅडमना फोन केला, उद्या रक्त चढवायचं ठरलं.

आदिनाथ, तुला खोट पाहिजे होती ना? घे. माणूस रक्ताने भिजलंय आणि तुझं तोंड बसत नाही. बुधवारी मी एवढंच म्हणणार आहे. दुसरं काही नाही. 'ऐन वेळी बसत नाही.'

१ डिसेंबर, सोमवार

हॉस्पिटलला निघण्याआधी आदिनाथला फोन केला. रात्रभर कढत होतो. म्हणालो, "हातातल्या नळीला तोंड लावायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"कोणतं तोंड, दाजी?"

"तुझं करडं."

"मी न्हाय लावलं. हातातल्याला कशापायी लावू? आईनं सांगितलं म्हणून हातातल्या नळीला भंडारा लावला तेवढा. म्हणाली, रोज हितं सुया टोचत्यात, हितं लाव. का? काय झालं?"

मी फोन ठेवला.

जिना उतरलो. सासूबाई झोपल्या होत्या. रेश्माला म्हणालो, नळ्या दाखव. तिने पदर सारला. दंडातून येणारी नळी, तिची पांढरी पट्टी भंडाऱ्याने पिवळीधमक. दुसरी, पट्टी नसलेली, करड्या तोंडाची, मी बोटाने तिच्या मागे मागे गेलो. खांद्यावरून मागे. पाठीवर. कण्याकडे.

"हिची पिवळी पट्टी कुठे आहे?"

"काल अंघोळीत भिजून सुटली. न्हाणीत भिंतीला चिकटवून ठेवलीय, परत लावायची राहिली. का हो?"

तिथेच फरशीवर बसलो.

काल मी रक्त थांबवायचं औषध सासूबाईंच्या मणक्यात घालत होतो. एकदा नाही, तीनदा. जोर लावून. ते आत गेलं असतं तर दिवेलागणीपर्यंत त्या राहिल्या नसत्या, आणि कुणी वाचवूही शकलं नसतं, मी तर नाहीच. पिवळं दिसलं की हात मागे, हे मीच साऱ्या हॉस्पिटलला शिकवलं. पिवळं दिसलं, हात मागे घेतला, आणि बरोबर मरणावर ठेवला. पिवळा रंग आपल्या लोकांच्या घरात किती जागी असतो, हे मला सुचलं नाही. पाचच दिवसांपूर्वी माझा शर्ट गेला होता तरी सुचलं नाही.

आणि आडवं कोण आलं? तो! त्याचं ते करडं, कुरूप, बसत नसलेलं तोंड. देवा मल्हारी, वाचवायचंच होतं तर दुसरं कुणी नव्हतं का तुझ्याकडे?

हे वाक्य लिहिल्यावर पुन्हा वाचलं. शरम वाटली. खोडत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

रेश्माला सांगितलं. स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं. तवा तापून धूर यायला लागला तरी ती तशीच उभी. मग गॅस बंद केला.

मी म्हणालो, "बुधवारी मी नुसतं 'ठीक आहे' म्हटलं तरी नळी पास होईल. बाकीचं सांगायची गरज नाही." ती पिठाचे हात धुवायला लागली. मग मीच म्हणालो, "तसंही आईंचा माझ्यावर विश्वास नाही. आता कळलं तर त्या माझ्यासमोर कधी बसणारच नाहीत."

"तुमच्यासमोर?" रेश्मा माझ्याकडे वळली. "ती तुमच्यासमोर कधीच बसणार नव्हती! जावयापुढं सासू बसते का? आमच्याकडं बसतच नाही. तुम्ही आत आलात की ती उठते, कंबर मोडली तरी उठते. मी लग्नापासून बघतेय, तुम्ही वैरागला आलात की ती दाराआड उभी. तो मान आहे, अहो. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. आमचं घर इथलं, शहरातलं. वडील नगरपालिकेत कारकून, आई बँकेत, सासू-जावई सगळे एका टेबलावर जेवायचे. वैरागला मी जायचो ते लग्नकार्यात, आणि गर्दीत कोण उभं, कोण बसलेलं, मी कधी बघितलंच नाही. मी रोज सकाळी त्या बाईला विचारत होतो, बसता येतंय का. ती रोज उभी राहून, कळ दाबून सांगत होती, न्हाय बसत. मी केसपेपरवर लिहीत होतो.

रेश्माने गॅस पुन्हा पेटवला. म्हणाली, "उद्या काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण भाऊ माझा आहे आणि आई पण माझी आहे." भाकरी करपली, तीच मी खाल्ली.

३ डिसेंबर, बुधवार

बैठक. एकेकाने बरं-वाईट सांगितलं. सिस्टर श्रीदेवी म्हणाल्या, घाईत त्रास होतो. माना डोलल्या. मग मॅडम म्हणाल्या, "सुबोध?"

रात्री मी तीन वेगवेगळी भाषणं तयार केली होती. तिन्हींत मी बरा दिसत होतो. उभा राहिल्यावर एकही आठवेना.

म्हणालो, "या नळीत दोष एकच आहे. बसत नाही. रविवारी मी माझ्या सासूच्या मणक्यात रक्त थांबवायचं औषध घालायचा तीनदा प्रयत्न केला. बसलं नाही. म्हणून त्या आज घरी पेज पीत आहेत."

मग सगळं सांगितलं: भंडारा, न्हाणीतली पट्टी, माझी खात्री. म्हणालो, "पिवळ्या पट्टीच्या भरवशावर राहू नका. ती माझी होती, म्हणून मीच सांगतो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नळी घ्यायची," म्हणाल्या, "आणि झालेला प्रकार सगळ्या वॉर्डांत सांगायचा. सुबोध, तुम्ही सांगायचा." ही शिक्षा की मान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बाहेर पडताना सिस्टर श्रीदेवी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, मीही एकदा जोर लावला होता. त्या वेळी मीही त्यालाच शिव्या घातल्या." पुढे कानडीत काहीतरी. या वेळी हसत नव्हत्या.

आदिनाथला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, भंडारा मीच लावला हुता की." आणि रडायला लागला, चाळिशीचा बाप्या. मी त्याला गप्प करत म्हणालो, वाचवलं तेही तूच. तरीसुद्धा लिहून ठेवतो: पेपरात पुन्हा बातमी आली, तर नाव माझंही पाहिजे. आणि 'एका डॉक्टरांकडून' चालणार नाही.

७ डिसेंबर, रविवार

आदिनाथ यायच्या आत सासूबाईंना सांगायचं होतं. सकाळी खोलीत गेलो. उठल्या, पदर, दांडा. मी म्हणालो, "आई, त्या दिवशी मी चुकीच्या नळीत औषध घालत होतो. पाठीच्या. तुम्ही गेला असता."

"म्हायती हाय की," त्या म्हणाल्या.

"माहीत?"

"मी सांगत हुते न्हवं, जावईबापू, ती पाठीची हाय म्हणून. तुमी म्हणालासा बोलू नका. मग मी म्हनलं, जावई हायती, मोठं डाक्टर हायती, त्येंचं त्येनी बगतील. जावयाला उलटं कसं बोलायचं?"

मला वाटलं होतं, सगळं लिहून झालं. नव्हतं झालं. ही बाई जाणूनबुजून गप्प बसली होती. माझा मान राखायला! जीव जात असताना!

मी खाली फरशीवर मांडी घातली.

"अवो, हे काय? वर बसा, वर बसा! खाली कशापायी?"

"तुम्ही बसेपर्यंत."

"न्हाय बसत मी तुमच्याम्होरं. रीत न्हाय."

"मग मी उठत नाही. माझीही तीच रीत. पुढच्या वेळी मी चुकलो तर मला सांगणार कोण? उभ्या राहून तुम्ही सांगत नाही. आता बसायचं आणि बोलायचं. आदीला ओरडता तसं."

त्या रेश्माकडे बघायला लागल्या. रेश्मा दारात, तोंडाला हात. मग सासूबाईंनी दांडा सोडला, हाताने गादी चाचपली, आणि हळूहळू, एक बाजू आधी, मग दुसरी, बसल्या. पदर थोडा मागे सरकला तो तसाच राहिला. चेहरा मी त्या उजेडात पहिल्यांदाच नीट बघितला. रेश्माचं नाक त्यांचं आहे.

"दुखतंय?" मी विचारलं.

"बसल्यावर न्हाय दुखत. उभं ऱ्हायल्यावर दुखतंय," त्या म्हणाल्या. "ती सिरिंज बसली न्हाय, म्हणून मी बसलीया की."

आणि मग, थोड्या घाबरतच, पहिल्यांदा मला बोलल्या: "चष्मा पुसत जावा. लई घाण असतोय."

मी चष्मा पुसत होतो तेवढ्यात आदिनाथ पिशवी घेऊन दारात आला. थबकला. आईकडे बघितलं, फरशीवर बसलेल्या माझ्याकडे बघितलं, परत आईकडे.

"आये," तो म्हणाला, "दाजीम्होरं बसलीस?"

मी चष्मा लावला आणि त्याचा चेहरा नीट बघून घेतला.